हिशेबाबाहेरचे वाचन

शहापूर, बेळगाव

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. रोज फोनवर बोलणे होत असताना तू मुद्दाम पत्र लिहिलेस, तेव्हाच माझ्या लक्षात आले की हे प्रकरण ‘जेवलीस का, पुण्यात पाऊस आहे का’ एवढ्या बोलण्यात मावणारे नाही. तू लिहितेस की एम. ए.ला मराठी साहित्य घेतल्यापासून अभ्यासक्रमाबाहेरचे एकही पुस्तक तुझ्याकडून शेवटपर्यंत वाचून झालेले नाही. पुस्तक उघडले की हात पेन्सिलकडे जातो, चार पाने होतात न होतात तोच निवेदक कोण, काळाची हाताळणी कशी, यावर प्रश्न आला तर कोणते मुद्दे मांडायचे, हे सुरू होते आणि गोष्ट मागे राहून जाते. सुट्टीत घरी आली होतीस तेव्हा कपाटातली तुझी जुनी पुस्तके तू काढलीस, चाळलीस आणि तशीच परत ठेवलीस, हे तुझ्या आईनेही पाहिले होते. ती तेव्हा काही बोलली नाही. पत्राच्या शेवटी तू विचारले आहेस की ज्या गोष्टीवर आपला जीव आहे तिचाच अभ्यास करायला घेणे हा निर्णय मुळात चुकला तर नाही ना.

या प्रश्नाचे उत्तर द्यायला मी काही अधिकारी माणूस नव्हे. मी वाणिज्य शाखेचा. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत हिशेब लिहिण्यात माझी नोकरी गेली, आणि साहित्याची परीक्षा म्हणून जी काही दिली ती शाळेत. पण मी वाचणारा आहे, आणि ज्याला त्याच्या वाचनाचा जाब आजवर कोणी विचारलेला नाही असा वाचणारा आहे; तुझ्या अडचणीकडे पाहायला ही जागा बरी आहे असे मला वाटते. म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो. अभ्यासाने तुझे वाचन बिघडले असे मी मानत नाही. वाचलेल्या प्रत्येक पानाचा हिशेब कोणाला तरी द्यायचा आहे, या जाणिवेने ते आखडले आहे. या दोन कारणांची गल्लत केलीस तर तुझा राग भलत्याच गोष्टीवर निघेल.

जरा मागे जाऊन पाहा. परीक्षा काही तुझ्या आयुष्यात आता आलेली नाही. दहावीला मराठी तुझी प्रथम भाषा होती, १२५ गुणांची. त्या गुणांसाठी तू कवितांचे रसग्रहण पाठ केलेस, लेखकांचे परिचय पाठ केलेस आणि संदर्भासह स्पष्टीकरणे वह्या भरभरून लिहिलीस. त्याच वर्षी, आईची नजर चुकवून, गणिताच्या वहीखाली कादंबऱ्या धरून वाचत होतीस, हेही आम्हांला ठाऊक होते. तेव्हा परीक्षेने तुझ्या वाचनाचा केसही वाकडा केला नाही, कारण पाठ्यपुस्तक एक होते आणि त्याच्या बाहेर सगळे जग मोकळे होते. आता तसे राहिलेले नाही. ज्या दिवशी तू साहित्य हा विषय घेतलास त्या दिवशी ते सगळे कपाटच पाठ्यपुस्तक झाले. आज ज्या लेखकावर प्रश्न नाही त्याच्यावर उद्या असू शकतो, आणि ज्याच्यावर कधीच नसेल असा लेखक वाचणे म्हणजे वेळ दवडणे, असे तुझ्या आत बसलेल्या विद्यार्थिनीला वाटते. लपून वाचायला जागाच उरलेली नाही, असे मला यातून दिसते.

गेल्या दिवाळीत तूच मला लुईस रोझेनब्लॅट या अमेरिकन विदुषीबद्दल सांगितले होतेस. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात तिने वाचकाच्या दोन वृत्ती सांगितल्या आहेत. एका वृत्तीत वाचकाचे लक्ष वाचून झाल्यावर हाती काय उरणार आहे याकडे असते, म्हणजे माहिती, निष्कर्ष, सूचना यांकडे. दुसऱ्या वृत्तीत ते वाचताना आपल्या आत काय घडते आहे याकडे असते. पहिल्या वृत्तीचे तिचे उदाहरण मी विसरलेलो नाही. मुलाने विषारी द्रव प्यायला आहे, आणि आई बाटलीवरची चिठ्ठी वाचते आहे. त्या आईला शब्दांच्या नादाशी आणि वाक्याच्या डौलाशी काही कर्तव्य नसते. उतारा काय द्यायचा आणि डॉक्टर येईपर्यंत काय करायचे, एवढेच तिला हवे असते. मजकूर एकच असला तरी तो कोणत्याही वृत्तीने वाचता येतो, हे तिचे म्हणणे मला पटले. (तू मात्र ते ‘दोन वृत्ती पुढीलप्रमाणे’ अशा सुरात सांगितले होतेस. तुझी आज्जी मध्येच म्हणाली होती, ‘पोरगी पेपर लिहिल्यासारखी बोलते की रे.’) सेमिस्टरच्या अखेरच्या महिन्यात तू कादंबरी वाचतेस ती त्या आईसारखी. संकट समोर असताना तसेच वाचले जाणार, त्यात तुझा दोष नाही. अडचण ही आहे की संकट टळल्यावरही ती घाई अंगातून जात नाही.

मला खरा राग येतो तो क्रमाचा. तुझ्या बोलण्यावरून मला समजले ते असे की एखादी कादंबरी नेमलेली असली की आधी वरच्या वर्गातल्यांच्या नोट्सच्या झेरॉक्स येतात, मग तिच्यावरचे समीक्षालेख येतात आणि वेळ उरलाच तर शेवटी कादंबरी. म्हणजे माणूस भेटण्याआधी त्याच्याबद्दलचा निकाल आपल्या कानावर पडलेला असतो. जी. ए. कुलकर्णी म्हटले की ‘नियती’ हे इतक्या वेळा लिहिले गेले आहे की ‘काजळमाया’ उघडणारा विद्यार्थी नियती शोधतच आत शिरतो आणि ती त्याला सापडतेही. शोधणाऱ्याला ती सापडणारच, कारण ती तिथे आहेच. पण त्याच पानांवरचे रंग, वास, उन्हाचे चटके, एखाद्या फटकळ म्हातारीच्या तोंडचा तिरका विनोद, हे सगळे त्याच्या डोळ्यांखालून निसटून जाते, कारण त्यासाठी त्याच्या उत्तरपत्रिकेत रकाना नसतो. मी ते पुस्तक वाचनालयातून आणले तेव्हा त्याच्यावर कोणी काय लिहिले आहे याचा मला पत्ताच नव्हता. कित्येक कथा मला कळल्या नाहीत. न कळता त्या मनात राहिल्या, आणि पुष्कळ वर्षांनी त्यांतल्या काहींचा अर्थ आपोआप लागला. न कळण्याची अशी सवलत तुला मिळत नाही, याचे मला वाईट वाटते.

तुझ्या टेबलावरचा नेटचा, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा, सराव संचही मी पाहिला आहे. तीन तास, दोन पेपर. पहिला ५० प्रश्नांचा, दुसरा विषयाचा १०० प्रश्नांचा, एकूण ३०० गुण. लेखक आणि कृती यांच्या जोड्या लावा, पुढील संग्रह प्रकाशनक्रमाने लावा, असे पुष्कळ काही त्यात होते. इंदिरा संतांचे ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’ आणि ‘रंगबावरी’ या क्रमाने आले, १९५१ पासून १९६४ पर्यंत, हे ज्याला माहीत आहे त्याला गुण मिळणार. त्याने त्यांतली एक ओळ वाचलेली असो वा नसो. इंदिराबाई आपल्या बेळगावच्या. इथल्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी शिकवले, पुढे त्या तिथे प्राचार्य झाल्या, आणि त्यांच्या कविता ज्यांना तोंडपाठ आहेत अशा बायका आपल्या गल्लीतही होत्या. संग्रहांची साले त्यांच्यापैकी एकीलाही सांगता आली नसती. यादीला मी कमी लेखत नाही, माझा सगळा जन्म यादी करण्यात गेला आहे. पण आमच्या फाउंड्रीत स्टॉक रजिस्टर कितीही चोख असले तरी तेच कास्टिंग, म्हणजे ओतलेला माल, आहे असे कोणी समजत नव्हते. परीक्षेला लाखांच्या संख्येने मुले बसतात आणि उत्तरे यंत्राने तपासायची असतात, तेव्हा रजिस्टरच विचारले जाणार. ते निमूटपणे भरून द्यावे आणि त्यावरून आपल्या वाचनाची किंमत ठरवू नये.

आता अभ्यासाची बाजू घेतो, कारण ती घ्यायला हवी. भारतीय साहित्यशास्त्राच्या पेपरासाठी तू काश्मीरच्या अभिनवगुप्त या जुन्या साहित्यमीमांसकाची सात रसविघ्ने, म्हणजे रसास्वादाच्या आड येणाऱ्या सात गोष्टी, पाठ केली होतीस आणि मला फोनवर म्हणूनही दाखवली होतीस. त्यांतले एक विघ्न असे की प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाच्या तावडीत सापडलेला असेल तर त्याला रसाचा आस्वाद घेता येत नाही. हजार वर्षांपूर्वीच्या काश्मीरमध्ये सेमिस्टर नव्हती, पण तुझ्या पत्रातले दुखणे त्याने बरोबर ओळखून ठेवले आहे. आणि ते विघ्न पाठ करताना तू त्याच विघ्नात होतीस, याचे मला त्या दिवशी हसू आले, ते तुला फोनवर ऐकू आले असेल. हे विघ्न दूर करण्यासाठी नाटकात गायन, वादन, सजवलेला मंडप अशी योजना असते असे तो सांगतो. म्हणजे मन तयार करायला बाहेरून काही करावे लागते, ते नुसते ‘आता आनंद घे’ म्हटल्याने होत नाही. पुस्तक वाचणाऱ्याला ही तजवीज स्वतःच करून घ्यावी लागते, त्याविषयी पुढे लिहितो. पण त्याच अभिनवगुप्ताने सहृदय कोणाला म्हणावे हे सांगताना काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे असा माणूस सांगितला आहे. परिशीलन हे आस्वादाच्या आड येते असे तो म्हणत नाही. ते आधी हवे, असे म्हणतो.

याचा पडताळा मला आपल्याच घरात आला आहे. पु. ल. देशपांडे काही काळ आपल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, आणि ‘गणगोत’मधल्या त्यांच्या ‘रावसाहेबां’वर बेळगावकरांचा किती जीव आहे हे तुला सांगायला नको. आपलीच कन्नड वळणाची मराठी, आपलेच हेल, आपल्याच शिव्या; ते ऐकताना आपल्याकडे जेवणाची पंगत थांबायची. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षी व्यक्तिचित्रावर असाइनमेंट आली तेव्हा तू तेच निवडलेस, आणि त्यानंतर आम्ही सगळे पुन्हा ऐकायला बसलो असताना तू आमच्याइतकी हसली नाहीस. तुझ्या आत्याने लगेच म्हटले, ‘शिकून पोरीचं हसू गेलं.’ मी मात्र शेवट ऐकताना तुझ्याकडे पाहत होतो. तो शेवट गेलेल्या माणसाच्या आठवणीचा आहे, आणि तिथपर्यंत येईतो आम्ही सगळे ताटे उचलण्याच्या गडबडीत असायचो. तू जागची हलली नव्हतीस. नंतर तू मला दाखवलेस की पहिल्यापासून सगळे भूतकाळात सांगितलेले आहे, म्हणजे हसवतानाच लेखकाला ठाऊक आहे की हा माणूस आता नाही. इतकी वर्षे ऐकूनही हे माझ्या ध्यानात आले नव्हते. तुझे थोडे हसू गेले असेल, पण त्याच्या बदल्यात जे आले ते तुझ्या अभ्यासाने आले, आणि त्यात माझाही वाटा आहे.

मर्ढेकरांचेही तसेच. त्यांच्या कविता दुर्बोध आहेत, आपल्यासाठी नाहीत, असे समजून मी त्या बाजूला ठेवल्या होत्या. यंत्रयुगातल्या माणसाची तडफड ते ओवी-अभंगाच्या चालीत मांडतात हे तू सांगितलेस, एक कविता भजनाच्या ठेक्यात म्हणून दाखवलीस, आणि विठ्ठल मंदिरातला हरिपाठ लहानपणापासून ऐकलेल्या माझ्या कानांना तो ठेका लगेच ओळखू आला.

शिवाय दोन माणसे आपल्या भागातलीच पाहा. जी. एं.चे बालपण बेळगावात गेले, पुढे त्यांनी धारवाडला कॉलेजात वर्षानुवर्षे इंग्रजी साहित्य शिकवले. नेमलेली पुस्तके, तास, उत्तरपत्रिका, हे सगळे त्यांच्याही वाट्याला आलेच असणार, आणि तरीही त्यांनी स्वतःला आवडलेल्या कॉनराड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्या एकामागून एक मराठीत आणल्या. दुसरीकडे निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवता चालवता कथा-कादंबऱ्या लिहीत राहिले. विद्यापीठाच्या आत राहिल्याने वाचन मरते असे म्हणावे तर पहिला माणूस आड येतो, आणि आत गेल्याशिवाय साहित्य कळत नाही असे म्हणावे तर दुसरा.

हिशेबाने वाचनाचे काय होते ते तुझ्या भावाकडे पाहून कळेल. त्याच्या शाळेत मागे सुट्टीतल्या वाचनाची स्पर्धा लागली. वाचलेल्या पुस्तकांची यादी करायची, प्रत्येकाचा चार ओळींत सारांश लिहायचा आणि ज्याची संख्या जास्त त्याला बक्षीस. ओंकारने पहिल्याच दिवशी हातातली जाडजूड साहसकथा अर्ध्यावर टाकली आणि सोळा-सोळा पानांच्या पुस्तिका गोळा करून आणल्या. बक्षीसही त्याला मिळाले. ती साहसकथा त्याने त्यानंतर हातात घेतलेली मी पाहिली नाही. १९७३ साली मार्क लेपर आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेत बालवाडीच्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ज्या मुलांना चित्रे काढायला मनापासून आवडत होते त्यांतल्या काहींना आधीच सांगितले की चित्र काढले तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर ते अचानक दिले. काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिले तेव्हा ज्यांना आधी सांगितले होते ती मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचे काही बिघडले नव्हते. बक्षिसात दोष नव्हता, ते आधी डोळ्यांसमोर टांगण्यात होता. म्हणून तू जे मोबाइलवर ‘या वर्षी पन्नास पुस्तके’ असे उद्दिष्ट लावून घेतले आहेस आणि जे पूर्ण होत नाही म्हणून पत्रात हळहळली आहेस, ते काढून टाक. परीक्षेचा हिशेब टळत नाही. हा दुसरा हिशेब कोणीही मागितलेला नाही.

आपल्याकडे आणखी एक हिशेब असतो, आणि पुण्यातल्या तुझ्या मैत्रिणींना तो कदाचित कळणार नाही. सीमाभागात मराठी पुस्तक हातात धरणारा माणूस नुसता वाचक नसतो. तो भाषेचे काहीतरी करतो आहे असे समजले जाते. १९४६ साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथेच झाला. तेव्हापासून आपल्या भागात साहित्य आणि चळवळ एका गाडीला जुंपलेली आहेत. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा इथली संमेलने तू लहानपणापासून पाहिली आहेस. ग्रंथदिंडी निघते, शेतकरी बायका डोक्यावर तुळस घेऊन पुढे चालतात, मांडवात माणूस मावत नाही. त्या गर्दीबद्दल मला आदरच आहे, आणि फाउंड्रीतली सुट्टी टाकून मी तिथे गेलो आहे. पण व्यासपीठावरून एकच गोष्ट ऐकू येते की मराठी टिकवण्यासाठी वाचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावर तर या आवाहनाला आणखी वजन आले. तू एम. ए.ला मराठी घेतलेस तेव्हा गल्लीतल्या अर्ध्या लोकांनी ‘भाषेसाठी चांगले केले’ म्हणून तुझी पाठ थोपटली आणि उरलेल्या अर्ध्यांनी ‘त्यात पुढे काय?’ असे विचारले. दोघांनाही तुझ्या वाचनातून काहीतरी निघायला हवे होते, एकाला अस्मिता आणि दुसऱ्याला नोकरी. माझे मत तुला ठाऊक आहे. आपल्या घरात मराठी टिकली ती तुझ्या आजोबांना बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचे वेड होते म्हणून. त्या त्यांनी कोणत्याही कर्तव्यबुद्धीने वाचल्या नाहीत, रात्री कंदील विझवण्यावरून आज्जीशी भांडत वाचल्या.

नोकरीची काळजी खोटी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. नेट द्यायची आहे, ती दे, नीट तयारी करून दे. वसतिगृहाचे पैसे, पुस्तकांचे पैसे, याचा विचार तुझ्या डोक्यात असतो हे मला दिसते, आणि तो तू केला नाहीस तर मला आवडणारही नाही. अभ्यासाच्या वेळी पेन्सिल हातात घेऊनच वाच. समीक्षा वाच, पण शक्य तिथे कृतीनंतर वाच. वेळ कमी असेल तर निदान पहिली तीस-चाळीस पाने कोणाचेही मत कानावर न घेता वाचून मग नोट्स उघड. एवढे सेमिस्टरमध्येही जमावे.

बाकीच्या वाचनासाठी जागा आणि वेळ वेगळी कर. ज्या टेबलावर अभ्यास करतेस तिथे नको. गच्चीवर, बसमध्ये, झोपण्याआधी, कुठेही, पण तिथे पेन्सिल नेऊ नकोस. आपले सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे, तिथे कसलेल्या वाचकांची कमी नाही, आणि मी पुस्तक निवडतो ते त्यांच्यावर विसंबून. लोकांनी नुकतीच परत केलेली पुस्तके काउंटरवर पडलेली असतात, अजून फडताळात गेलेली नसतात, त्यांत मी हात घालतो. ज्याचे पुठ्ठे सैल झाले आहेत आणि मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के दाटीने पडले आहेत ते पुस्तक सहसा निराश करत नाही, मग त्याचे नाव वाङ्मयाच्या इतिहासात असो वा नसो. तुझ्या गावातही असे एखादे वाचनालय असेलच. विद्यापीठाचे ग्रंथालय त्यासाठी वापरू नकोस, तिथे तुला प्रत्येक कपाटात पेपर दिसेल. आवडले नाही तर पुस्तक अर्ध्यावर सोड. आवडले तर लगेच पुन्हा वाच, नवे घेतलेच पाहिजे असे नाही. आणि त्याविषयी कुठेही चार ओळी लिहायच्या नाहीत.

एक उपाय तुला नवा वाटेल. तू शाळेत कन्नड शिकलीस, ती आता गंजत चालली आहे. कन्नड कथा वाचायला घे. तिथे तुला वाङ्मयप्रवाह माहीत नाहीत, कोणता लेखक कोणत्या पिढीचा हे माहीत नाही, समीक्षेची परिभाषा येत नाही, आणि वाचण्याचा वेग इतका कमी असेल की वाक्यापाशी थांबावेच लागेल. बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णींनी कन्नडमधून मराठीत एवढ्या कादंबऱ्या आणल्या, त्यामागे त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्याने वाचत आणि उमाताई ऐकत, हे तू ऐकले असशील. एकाने वाचायचे, दुसऱ्याने ऐकायचे, यात मुद्दे काढायला फुरसतच मिळत नाही. तुझी खोलीतली मैत्रीण कराडची आहे म्हणतेस. जेवणानंतर अर्धा तास एकमेकींना काहीतरी वाचून दाखवा. नाहीतर आज्जीला फोन लावून वाच. तिचे डोळे आता साथ देत नाहीत, आणि ऐकताना ती मध्येच लेखकाला शिव्या देते, ती गंमत वेगळीच.

या सगळ्याने महिनाभरात पूर्वीसारखे होईल असे मी सांगत नाही. पूर्वीसारखे कदाचित होणारही नाही. चौदाव्या वर्षी वाचताना जे अंगात येते ते तेविसाव्या वर्षी येत नाही, साहित्य शिकलेल्यालाही नाही आणि हिशेब लिहिणाऱ्यालाही नाही. निर्णय चुकला का, याचे उत्तर मी आज देऊ शकत नाही, आणि पदवी हातात येईपर्यंत तूही देऊ नयेस. परीक्षेच्या तोंडावर काढलेले निष्कर्ष बहुधा थकव्याचे असतात.

मामा येत्या रविवारी पुण्याला येतो आहे. त्याच्याबरोबर कुंदा, आईने केलेली चकली आणि एक रहस्यकथा पाठवत आहे. पुस्तक माझ्या नावावर वाचनालयाचे आहे, तेव्हा पंधरवड्यात त्याच मामाच्या हाती परत पाठव. उशीर झाला तर दंड मी भरीन, पण हरवू नकोस. त्यातला खुनी कोण हे ओंकारला कळले आहे, त्याच्याशी फोनवर बोलताना जपून बोल. आईचे तुला आशीर्वाद. आज्जी विचारते आहे की पुण्यात स्वेटर लागतो का.

तुझा,
बाबा